ताप उतरल्यानंतरची वर्षं

दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा गुडघा सुजतो. दोन दिवसांत तो ओसरतो आणि घोटा धरतो, मग मनगट. अंगात ताप असतो. घरातली वडीलधारी मंडळी वाताचं दुखणं म्हणून शेक देतात. डॉक्टर ऱ्हुमॅटिक फिव्हरचं निदान करून अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, दोन-तीन दिवसांत सूज उतरते आणि घराच्या लेखी आजार संपतो. दवाखान्यातून निघताना कागदावर दर एकवीस दिवसांनी घ्यायचं एक इंजेक्शन लिहून दिलेलं असतं. ते चार-सहा वेळा घेतलं जातं. मग परीक्षा येते, दिवाळी येते. मुलगी तर हुंदडतेय, तिला उगाच कशाला टोचायचं, असं ठरतं. पुढे बारा-पंधरा वर्षांनी ती जिना चढताना धापा टाकू लागते, टूडी इको होतो, व्हॉल्व्ह खराब झाल्याचं कळतं आणि ऑपरेशनची तारीख मिळते. आता खरा उपचार सुरू झाला, असं सगळ्यांना वाटतं.

हे वाटणं वरवरचं आहे. ताप हा आजार, ऑपरेशन हा उपचार आणि मधली इंजेक्शनं म्हणजे जमली तर घ्यायची खबरदारी, अशी वाटणी शिकल्यासवरल्या घरांतही केली जाते. आरोग्य योजनांमध्ये पैसा कुठे जातो ते पाहिलं तर सरकारी विचारातही तीच दिसते. प्रत्यक्षात या आजाराची दिशा बदलू शकणारा सिद्ध झालेला उपचार एकच आहे : वर्षानुवर्षं, ठरल्या तारखेला मिळणारं पेनिसिलीन. हृदयाचं पुढचं आयुष्य त्या मधल्या, काहीही दुखत-खुपत नसलेल्या वर्षांत ठरतं. ऑपरेशनची वेळ बहुतेकदा येते ती हा उपचार त्या हृदयापर्यंत पोचला नाही म्हणून. आणि तो न पोचण्याचं खापर पेशंटवर फोडणं ही पहिलीइतकीच वरवरची दुसरी समजूत आहे.

१. पहिला झटका आणि दुसरा झटका

आजाराची सुरुवात घशात होते. 'अ' गटातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा धरतो, दोन-चार दिवसांत बराही होतो. त्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी काही मुलांमध्ये, मुख्यतः ५ ते १५ या वयात, ऱ्हुमॅटिक फिव्हर उद्भवतो. तेव्हा घशात जंतू उरलेले असतीलच असं नाही. जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आणि माणसाच्या हृदयातली काही प्रथिनं यांच्या रचनेत साम्य आहे. जंतूंवर सोडलेली शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर चालून जाते. सांधे सुजतात, काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात आणि हृदयाच्या झडपांना सूज येते.

सांधे मात्र पूर्ववत होतात. म्हणूनच घर फसतं. जे दुखत होतं ते बरं झालेलं असतं. ज्याला इजा झाली ते दुखत नव्हतं.

पहिल्या झटक्यात झडपेला झालेली इजा पुष्कळदा सौम्य असते, आणि ती भरूनही येऊ शकते. इथेच या आजाराचा सगळ्यात महत्त्वाचा गुणधर्म येतो. एरवी स्ट्रेप्टोकोकसच्या साथीत उपचार न घेतलेल्या शंभर जणांपैकी सुमारे तिघांना ऱ्हुमॅटिक फिव्हर होतो. एकदा तो होऊन गेलेल्या मुलाच्या घशात पुन्हा हे जंतू शिरले, तर आजार उलटण्याचा धोका कितीतरी पटींनी मोठा असतो. जुन्या पाहण्यांत तो निम्म्यापर्यंत गेलेला दिसतो. पहिल्या झटक्यात हृदयाला इजा झालेल्यांमध्ये दुसरा झटकाही हृदयावरच येतो. दर खेपेला झडपेवर नवा व्रण पडतो, पडदे जाड होतात, कडांना एकमेकांत चिकटतात. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली आलं की आजार तीव्र मानला जातो. हा प्रवास एका तापात होत नाही. तो उलटणाऱ्या झटक्यांनी होतो, आणि त्यातले कित्येक झटके कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

मग घसा दुखला की औषध घेऊ, हा मार्ग का नको? कारण घशातल्या ज्या संसर्गामुळे आजार उलटतो तो दर वेळी दुखतोच असं नाही. आणि दुखला, औषधही वेळेवर मिळालं, तरी आजार उलटल्याची उदाहरणं आहेत. ज्याला एकदा हा ताप येऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत संसर्गावर उपचार करून भागत नाही. संसर्ग मुळात होऊच द्यायचा नसतो. त्यासाठी पेनिसिलीन सतत अंगात असावं लागतं. या एका तर्कावर पुढचं सगळं उभं आहे.

२. पुरावा जुना आहे आणि नवाही

ही कल्पना पेनिसिलीन बाजारात येण्याच्या आधीची आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला ऑल्विन कोबर्न आणि बाल्टिमोरला कॅरोलाइन बेडेल थॉमस यांनी एकमेकांपासून वेगळं काम करत दाखवलं, की रोज थोडं सल्फा औषध दिलं तर ऱ्हुमॅटिक फिव्हर उलटण्याचं प्रमाण घटतं. स्नायूत टोचल्यावर आठवडे टिकणारं बेंझाथिन पेनिसिलीन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या आयर्विंग्टन हाउसमध्ये या आजाराच्या मुलांचे तीन गट करून कित्येक वर्षं पाठपुरावा झाला : एकाला महिन्याचं इंजेक्शन, दुसऱ्याला पेनिसिलीनच्या गोळ्या, तिसऱ्याला सल्फाच्या गोळ्या. १९६४ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोळ्यांच्या दोन्ही गटांत आजार उलटण्याचं प्रमाण इंजेक्शनच्या गटाच्या कितीतरी पट होतं.

१९७२ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मात्र अधिक आशादायक आहे आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही, हे दुर्दैव. नियमित इंजेक्शन घेणाऱ्या मुलांचा त्यात सरासरी नऊ वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. सुरुवातीला ज्यांची मायट्रल झडप गळत होती, त्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांच्या हृदयातला तो गळतीचा आवाज नाहीसा झाला. पुन्हा मार बसला नाही तर झडप स्वतःला सावरते. 'व्हॉल्व्ह एकदा गेला तो गेलाच' असं आई-बापांना सांगून टाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

हा पुरावा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा आहे, त्या काळच्या अभ्यासपद्धती आजच्या कसोटीला उतरत नाहीत, अशी शंका घेतली जात असे, आणि ती वाजवी होती. तिला उत्तर युगांडातून मिळालं. गुलू आणि आसपासच्या भागात एक लाखाहून अधिक मुलांची इको तपासणी झाली. ज्यांना काहीही त्रास नव्हता, पण झडपेवर आजाराच्या सुरुवातीच्या खुणा होत्या, अशा आठशेहून अधिक मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं गेलं. एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलीन, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांनी पुन्हा इको झाला. इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार पुढे सरकला होता, घेतलेल्यांपैकी ०.८ टक्के. प्रत्यक्ष मुलं मोजायची तर ३३ विरुद्ध ३. हे निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जानेवारी २०२२ च्या अंकात आले. हृदयरोगात दहापट फरक दाखवणारी औषधं फार नसतात.

३. एकवीस दिवसांचा हिशेब

औषध इतकं गुणकारी असेल तर घोडं अडतं कुठे, हे समजायला ते इंजेक्शन प्रत्यक्ष देताना पाहावं. कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालून कुपी हलवायची, की दुधासारखं दाट मिश्रण होतं. ते लगेच भरून घ्यावं लागतं. ठेवलं तर तळाशी बसतं, सुई बारीक असली तर तिच्यात अडकतं आणि मग टोचलेली सुई काढून दुसरी लावावी लागते. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खोलवर, सावकाश आणि न थांबता ते ढकलायचं असतं. स्नायूत पेनिसिलीनचे बारीक स्फटिक साठतात आणि थोडे थोडे विरघळत राहतात, म्हणून ते आठवडे पुरतं. म्हणूनच ते दुखतंही. मूल त्या दिवशी लंगडतं, कधी दुसऱ्या दिवशीही.

हे वर्षाला सतरा वेळा करायचं. २७ किलोहून अधिक वजनाच्या मुलाला 'बारा लाखांचं' म्हणजे १२ लाख युनिटचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी द्यावं, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्याहून लहान मुलाला सहा लाखांचं, दर पंधरा दिवसांनी. किती वर्षं, ते हृदयाच्या अवस्थेवर ठरतं. हृदयाला धक्का लागला नसेल तर ५ वर्षं किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल ते. हृदयाला सूज आली होती पण भरून आली, तर १० वर्षं किंवा पंचविशीपर्यंत. झडप कायमची बिघडली असेल किंवा तिच्यावर काही करावं लागलं असेल, तर निदान चाळिशीपर्यंत, शक्यतो जन्मभर. दहाव्या वर्षी आजारी पडून पंचविशीपर्यंत जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला सुमारे २६० इंजेक्शनं येतात. बाराव्या वर्षी सुरुवात करून चाळिशी गाठणाऱ्या मुलीच्या वाट्याला जवळजवळ पाचशे.

एकवीस की अठ्ठावीस दिवस, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर अनेकांच्या रक्तातलं पेनिसिलीन पुरेशा पातळीखाली जातं. तैवानमध्ये दीर्घकाळ चाललेल्या तुलनेत तीन आठवड्यांच्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण चार आठवड्यांच्या गटाहून स्पष्टपणे कमी निघालं. ऑस्ट्रेलियात या इंजेक्शनांचा हिशेब करताना ठरल्यापैकी किती घेतली एवढंच पाहत नाहीत. दोन इंजेक्शनांच्या मधले किती दिवस मूल उघडं पडलं, तेही मोजतात. वर्षाला सतरापैकी तीन चुकली तरी टक्केवारी ऐंशीच्या वर दिसते. पण ती तीन लागोपाठ चुकली असतील, तर मूल दोन महिन्यांहून जास्त काळ संरक्षणाविना होतं, आणि ते दोन महिने घसे धरण्याच्या हंगामातले असतील तर टक्केवारीला काही अर्थ राहत नाही.

४. ऑपरेशननंतरचं आयुष्य

ऑपरेशनचं श्रेय नाकारायचं कारण नाही. अरुंद झालेली मायट्रल झडप फुग्याने उघडण्याची जपानच्या कांजी इनोउए यांची पद्धत १९८० च्या दशकात आली आणि लाखो तरुण बायकांची छाती न फाडता सुटका झाली. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने भारतीय पेशंटला परवडेल अशी कृत्रिम झडप बनवली; ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली डिसेंबर १९९० मध्ये. हे काम आदरानेच पाहायचं आहे.

पण झडप बदलली म्हणजे हृदय बरं झालं, हा निष्कर्ष चुकीचा आहे. धातूची झडप बसली की तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ करायची गोळी घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आयएनआर वरचेवर तपासायचा. तो तपासणारी लॅब गावापासून चाळीस किलोमीटरवर असेल, तर जे घर एकवीस दिवसांचं इंजेक्शन सांभाळू शकलं नाही, त्याच्यावर आता त्याहून कठीण वेळापत्रक येतं. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली झडप घेतली तर ही गोळी टळते, पण तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि दुसरं ऑपरेशन समोर उभं राहतं.

तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्यांनी हा पेच सुटेल, अशी आशा होती. झडपेच्या या विकारासोबत हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या सुमारे साडेचार हजार पेशंटवर 'इन्व्हिक्टस' नावाची चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचा निकाल आला : नव्या रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुन्याच गोळीवर मृत्यू कमी झाले. आयएनआरपासून या पेशंटची सुटका झालेली नाही.

बायकांच्या बाबतीत हे सगळं अधिक बिकट होतं. जगभर या विकाराच्या पेशंटमध्ये बायकाच जास्त आहेत. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. अरुंद झडपेतून ते पुढे जात नाही, फुप्फुसात पाणी साठतं, आणि तोवर धडधाकट समजली गेलेली सून सातव्या महिन्यात रात्री उशाला दोन उशा लावून बसून राहते. कित्येकींच्या आजाराचं निदान तेव्हा होतं. ज्यांना धातूची झडप आहे त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न असतो : रक्त पातळ करणारी गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला बाधू शकते आणि ती बंद केली तर झडप अडकू शकते. पेनिसिलीन मात्र गरोदरपणात सुरक्षित आहे, तरीही दिवस राहिले की पहिल्यांदा थांबवलं जातं ते हेच इंजेक्शन. लग्न ठरताना मुलीच्या सुया लपवल्या जातात, सासरी त्या बंद होतात, आणि हा खंड नेमका अशा वर्षांत पडतो जेव्हा तिच्या हृदयावरचा भार सर्वांत जास्त असणार असतो.

शिवाय झडप बदलल्यावर पेनिसिलीन संपत नाही. एक झडप नवी असते, उरलेल्या जुन्याच असतात आणि आजार त्यांच्यावर उलटू शकतो. आफ्रिकेतले बारा देश, भारत आणि येमेन इथल्या ३,३४३ पेशंटच्या 'रेमेडी' नोंदणीत, ऱ्हुमॅटिक हृदयविकार पक्का ठरलेल्या माणसांपैकी पेनिसिलीन सुरू असलेले जेमतेम ५५ टक्के निघाले. नोंदणीतल्या सगळ्यांचं मध्यक वय होतं अठ्ठावीस. हे सगळे रुग्णालयापर्यंत पोचलेले लोक होते.

५. बेफिकिरीचं निदान

इंजेक्शन चुकलं की पेशंटच्या कागदावर 'नियमित नाही' असा शेरा येतो आणि चर्चा संपते. हा शेरा तपासून पाहायला हवा.

बीडच्या ऊसतोड कामगाराचं मूल घ्या. दसऱ्यानंतर कुटुंब कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. या काळात त्या मुलाची सात-आठ इंजेक्शनं येतात. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात असलंच, तर कारखान्याच्या तळाजवळच्या केंद्राला ते ठाऊक नसतं. तिथला डॉक्टर अनोळखी मुलाला पेनिसिलीन द्यायला कचरतो. चिठ्ठी जुनी, शिक्का दुसऱ्या जिल्ह्याचा. त्या दिवसाची मजुरी बुडवून मुलाला घेऊन गेलेला बाप परत येतो, आणि पुन्हा जात नाही. यात बेफिकीर कोण?

याच कुटुंबात कुणाला क्षयरोग असता तर चित्र वेगळं असतं. क्षयाच्या पेशंटला निक्षय पोर्टलवर क्रमांक मिळतो, तो जिल्हा बदलला तरी नोंद बरोबर जाते, औषध दुसऱ्या केंद्रातून मिळण्याची सोय असते. त्या व्यवस्थेतही उणिवा आहेत, पण पेशंटच्या मागे जायचं हे तत्त्व तिने मान्य केलं आहे. पोलिओच्या वेळी तर वीटभट्टीपासून रेल्वे फलाटापर्यंत बाळं शोधून डोस पाजले गेले आणि मार्च २०१४ मध्ये भारताचा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ठरल्या दिवशी ठरलेला डोस दूरच्या वस्तीवर पोचवणं या देशाला जमतं. ऱ्हुमॅटिक फिव्हरच्या मुलांसाठी ते करायचं ठरवलेलं नाही, एवढाच फरक.

महाराष्ट्राचं उदाहरण बोलकं आहे. हृदयाच्या ऑपरेशनसाठी गरिबांना मदत देणारी जीवनदायी योजना राज्याने १९९७ मध्ये आणली; २०१२ पासून ती विमा योजनेच्या रूपात विस्तारली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. झडपेचं ऑपरेशन तीत बसतं. लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला, आणि ज्या तीसेक आजारांसाठी मुलं तपासायची त्यांत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचं नाव आहे. म्हणजे शोधण्याची तरतूद आहे, कापण्याची आहे. मधल्या वीस वर्षांची जबाबदारी कुणाकडे, याचं नेमकं उत्तर मिळत नाही.

ती घेतली तर काय होतं, हे क्युबाने दाखवलं. पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं सगळे पेशंट नोंदवून, दवाखान्यांना शिकवून, इंजेक्शनांचा पाठपुरावा करून काम झालं. शाळकरी मुलांमधलं या हृदयविकाराचं प्रमाण हजारी २.२७ वरून ०.२४ वर आलं. क्युबा त्या दशकात श्रीमंत होत नव्हता. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरची टंचाई याच वर्षांतली. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांवरही दहा वर्षांच्या मोहिमेनंतर ऱ्हुमॅटिक फिव्हर सुमारे तीन चतुर्थांशांनी घटला.

६. आक्षेप

*पेनिसिलीनची रिअ‍ॅक्शन येते.* ही भीती खोटी नाही, आणि ती पेशंटपेक्षा डॉक्टरांना जास्त असते. एक मृत्यू झाला की जमाव दवाखान्यावर येतो, याची त्यांना कल्पना असते. पण आकडे पाहावेत. अकरा देशांतल्या १,७९० पेशंटना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा अभ्यास १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीव्र अ‍ॅलर्जीचे प्रसंग चार होते, मृत्यू एक; आणि तो मृत्यू झालेल्या मुलाच्या मायट्रल झडपेचा आजार गंभीर होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये याच धाग्याचा पाठपुरावा करून सांगितलं, की इंजेक्शननंतरच्या कित्येक मृत्यूंचं कारण अ‍ॅलर्जी नसून, आधीच थकलेल्या हृदयाला वेदनेने आणि भीतीने बसलेला धक्का असावा. म्हणून ज्यांची झडप फार अरुंद आहे, हृदयाचा जोर कमी झाला आहे, अशांना गोळ्या द्याव्यात. बाकीच्यांना जेवूनखाऊन, पाणी पाजून, आडवं झोपवून, दुखणं कमी करायची काळजी घेऊन इंजेक्शन द्यावं. अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी असावं. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात शक्य आहे.

*इतकी वर्षं अँटिबायोटिक दिल्यावर जंतू निबर होतील.* इतर जंतूंबाबत ही चिंता पूर्णपणे योग्य आहे. 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस अपवाद ठरला आहे : सत्तरहून अधिक वर्षांच्या वापरानंतरही पेनिसिलीनला दाद न देणारा जंतू पेशंटमध्ये सिद्ध झालेला नाही.

*नको त्या मुलांनाही ही इंजेक्शनं दिली जातात.* हा आक्षेप मान्यच करायला हवा. पाय दुखतात म्हणून रक्त तपासलं, एएसओ टायटर वाढलेला निघाला, की पेनिसिलीन सुरू, असं सर्रास होतं. एएसओ एवढंच सांगतो की मुलाच्या शरीराची मागे कधीतरी या जंतूशी गाठ पडली होती; शाळकरी मुलांत ते सामान्य आहे. ऱ्हुमॅटिक फिव्हरचं निदान जोन्स निकषांवर करायचं असतं. हे निकष १९४४ पासून आहेत आणि २०१५ च्या सुधारणेत इकोलाही त्यांत जागा मिळाली आहे. ज्याला गरज नाही त्याला पाच वर्षं टोचणं आणि ज्याला गरज आहे त्याला मध्येच सोडणं, या दोन्ही चुका एकाच गावात घडतात. पहिलीमुळे दुसरी वाढते, कारण 'आमच्या शेजारच्याने बंद केलं, त्याला काही झालं नाही' हे वाक्य तिथूनच येतं.

*पुष्कळांना ताप आल्याचं आठवतच नाही. थेट व्हॉल्व्हच खराब निघतो.* हे खरं आहे, आणि इंजेक्शनाच्या बाजूने असलेल्या युक्तिवादातली ही सर्वांत मोठी फट आहे. ज्याचं निदान झालं नाही त्याला वेळापत्रक कोण देणार? बल्लभगडमध्ये शाळकरी मुलांची स्टेथोस्कोपने तपासणी केली तेव्हा आजार हजारी ०.८ मुलांत सापडला. त्याच मुलांचा इको केला तेव्हा हजारी २०.४. शाळेत येणाऱ्या पथकाच्या गळ्यात फक्त स्टेथोस्कोप असेल तर बहुतेक मुलं निसटतील. पण अशी सुरुवातीची अवस्था सापडल्यावर काय करायचं, याचं खात्रीचं उत्तर युगांडाच्या चाचणीआधी नव्हतं. आता ते आहे, त्यामुळे शोधण्यालाही अर्थ आला आहे.

*हा गरिबीचा आजार आहे, घरं सुधारली की आपोआप जाईल.* यात तथ्य आहे. युरोप-अमेरिकेत पेनिसिलीनच्या आधीपासूनच ऱ्हुमॅटिक फिव्हर ओसरू लागला होता, कारण एका खोलीत झोपणारी माणसं कमी झाली. पण १९८५ च्या सुमारास अमेरिकेत यूटामधल्या सॉल्ट लेक सिटीत तो पुन्हा उसळला, तेव्हा आजारी पडलेली बहुतेक मुलं खात्यापित्या घरांतली होती. आणि ज्या मुलीला आज एक झटका येऊन गेला आहे, तिच्या झडपेला घरकुलाची यादी पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगता येत नाही. २०१५ साली जगात या विकाराने सुमारे ३ लाख १९ हजार माणसं दगावली, त्यांपैकी सुमारे १ लाख १९ हजार भारतातली, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. जाणारा आजार एवढे बळी घेत नाही.

७. स्वस्त औषधाची अडचण

एक गोष्ट औषधाच्या बाजूचीही आहे. बेंझाथिन पेनिसिलीनवर कुणाचं पेटंट नाही, ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याची किंमत नगण्य आहे. त्यामुळे ते बनवण्यात कुणाला रस नाही. जगभरचा कच्चा माल मोजके कारखाने पुरवतात, मुख्यतः चीनमधले. त्यांतला एखादा अडखळला की अनेक देशांत एकदम तुटवडा पडतो. पेशंट तारखेला आला आणि कुपीच नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो येत नाही. त्याच्या कागदावर शेरा मात्र 'नियमित नाही' असाच पडतो. ऑस्ट्रेलियात त्वचेखाली मोठा डोस देऊन त्याचा परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकवता येतो का, याचे प्रयोग चालू आहेत. ते यशस्वी झाले तर वर्षाची सतरा इंजेक्शनं चारवर येतील. तोवर कुपीचा पुरवठा हीसुद्धा उपचाराचीच बाब मानावी लागेल.

जागतिक आरोग्य परिषदेने मे २०१८ मध्ये या आजाराविषयी ठराव केला आणि सदस्य देशांनी तो स्वीकारला. जिल्हा पातळीवर त्याचा अर्थ फार मोठ्या यंत्रणेचा होत नाही. ज्या जिल्हा रुग्णालयात इको होतो तिथे निदान झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद व्हावी, तिला निक्षयसारखा राज्यभर चालणारा क्रमांक असावा आणि तारीख उलटून एक आठवडा झाला की नाव आशाताईच्या यादीवर यावं. मुलगी लग्न होऊन गेली, कुटुंब तोडीला गेलं, तर नोंद त्या गावच्या केंद्राकडे जावी. सुरुवात ऑपरेशन झालेल्यांपासून करता येईल, कारण त्यांची नावं, पत्ते आणि निदान विमा योजनेकडे आजही आहेत. रुग्णालयाचं बिल मंजूर करताना डिस्चार्ज कार्डावर दोन रकाने भरलेले असणं सक्तीचं करावं : पुढच्या पेनिसिलीनची तारीख, आणि ते देणाऱ्या आरोग्य केंद्राचं नाव.